ऊन चढतं तसा बर्फ सुटतो : वसंतातली हिमस्खलनं समजून घेताना

शेजारच्या काकूंचा धाकटा फौजेत आहे. सध्या उत्तरेत, बर्फाच्या मुलखात. साताऱ्यात अशी आई प्रत्येक आळीत एक तरी सापडते. अपशिंग्यासारख्या गावात तर घरटी. शिमगा झाला, इकडं दुपारी अंगाची लाही व्हायला लागली, तेव्हा काकू म्हणाल्या, "आता तिकडंबी उन्हं वाढली असतील. बरफ ईतळाया लागलं असंल. माझा जीव भांड्यात पडला बघ."

मी मान हलवली आणि घरी आलो. पण मनाला चैन पडेना. कारण काकूंचा हिशेब आपल्या सगळ्यांचाच आहे : थंडी म्हणजे धोका, ऊन म्हणजे सुटका. याच हिशेबावर एप्रिल-मेमध्ये आपल्या जिल्ह्यातून ट्रेकर पोरांच्या टोळ्या हिमाचलला निघतात, आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास केदारनाथचे दरवाजे उघडले की आजी-आजोबांच्या गाड्या सुटतात. हा हिशेब बर्फाच्या डोंगरात चुकतो. कुठं आणि का चुकतो, ते नीट सांगावं म्हणून हे लिहितोय.

आपला अनुभव सह्याद्रीचा. आपल्याकडे डोंगर सुटतो तो पावसात. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी आल्या, त्या दिवसांतला पाऊस इथं कुणी विसरलेलं नाही. माती पाणी पिते, जड होते, आतून सैल होते, आणि खालच्या खडकावरून सगळा थर घसरतो. पाऊस थांबून ऊन पडलं की आपण सुटकेचा श्वास घेतो. हिमालयात मार्चनंतर दरडीची हीच गोष्ट घडते, फक्त उताराच्या आत पाणी सोडायला ढग लागत नाही. तिथं ऊन हाच पाऊस आहे. निळं आभाळ, वारा पडलेला, स्वेटर काढावा असं वाटणारी दुपार, आणि त्याच वेळी डोंगराच्या अंगावर चार महिने साचलेल्या बर्फात वरून पाणी झिरपतंय. बाहेरून काही दिसत नाही.

हिवाळ्यात हिमस्खलनं होत नाहीत असं मुळीच नाही. 3 फेब्रुवारी 2016 ला सियाचीनच्या सोनम चौकीवर, सुमारे 19,600 फुटांवर, बर्फाची भिंत कोसळून 10 जवान गाडले गेले. त्यात माण तालुक्यातल्या मस्करवाडीचा एक जवान होता. लान्सनायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि काही दिवसांतच गेले. तेव्हा आपल्याकडे घराघरात टीव्हीसमोर माणसं बसून होती. तो कडाक्याच्या थंडीतला प्रकार. कडाक्यातला धोका आपल्याला सहज पटतो. उन्हातला पटत नाही, म्हणून मी त्याच्याकडे वळतो.

डोंगरावरचा बर्फ म्हणजे एकसंध दगड नव्हे. ती भाकरींची चवड आहे. नोव्हेंबरात पडलेला एक थर, मग पंधरा दिवस कोरडी थंडी, मग जानेवारीतला जाड थर, मध्ये एखाद्या उन्हाच्या दिवशी वितळून पुन्हा गोठलेला काचेसारखा पापुद्रा, त्यावर फेब्रुवारीतला भुसभुशीत थर. प्रत्येक भाकरी वेगळी, आणि दोन भाकरींमधली पकडही वेगळी. सगळ्यात खाली, जमिनीला लागून, पुष्कळदा साखरेसारखे रवाळ सुटे कण झालेले असतात, कारण थंडीत जमिनीची ऊब वर चढते आणि तळातल्या बर्फाचं रूप बदलते. वरची भरभक्कम चवड या सुट्या साखरेवर उभी असते.

मग ही चवड हिवाळाभर टिकते कशी? राजगिऱ्याची चिक्की आठवा. राजगिऱ्याच्या दाण्याला दाणा नुसता टेकलेला नसतो. मधे गुळाच्या पाकाचा बारीकसा सांधा असतो. बर्फाचे कणही एकमेकांना जिथं टेकतात तिथं बर्फाचाच सांधा धरतात, आणि थंडीत तो हळूहळू जाड होतो. चिक्की पावसाळ्यात डब्याबाहेर राहिली की मऊ पडते. दाणे तेच असतात, सांधे सैल झालेले असतात. उन्हानं बर्फाचं नेमकं हेच होतं.

सुरुवातीला थोडं पाणी उलट पकड वाढवतं. संगम माहुलीला कृष्णेच्या वाळूत लहानपणी खोपे केले असतील त्यांना हे माहीत आहे. कोरडी वाळू उभी राहत नाही, ओलसर वाळूचा खोपा झकास उभा राहतो, आणि त्याच खोप्यावर ओंजळभर पाणी ओतलं की तो बसतो. ओलसरपणात कणांच्या मधे पाणी थोडं आणि हवा जास्त असते. ते थोडं पाणी कणांना ओढून धरतं. पाणी वाढून मधली हवा कोंडली गेली की ओढ संपते. बर्फात ही हद्द फार लांब नसते. कणांमधल्या मोकळ्या जागेतला जेमतेम दहावा हिस्सा पाण्यानं भरला, की खोपा बसायच्या बेतात येतो.

आता यातला सगळ्यात फसवा भाग. एक किलो बर्फ उणे 10 अंशांवरून शून्यावर आणायला फारच थोडी उष्णता लागते. पण शून्यावर आलेला तोच किलोभर बर्फ पूर्ण वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात किलोभर गार पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापेल. म्हणजे बर्फ शून्यापर्यंत झटकन येतो आणि मग तिथं दिवसेंदिवस मुक्काम करतो. उंची फारशी कमी होत नाही, रंग तसाच पांढरा, लांबून पाहणाऱ्याला वाटतं डोंगर कालच्यासारखाच आहे. आतून मात्र वरपासून तळापर्यंत सगळी चवड शून्य अंशावर आलेली असते. वितळून पाणी झालेला भाग थोडाच, पण तो नेमका सांध्यांमधला. बर्फ 'वितळून जाईल' आणि धोका संपेल, असं काकूंना वाटतं. पण वितळून जाण्याआधी त्याला या सैल अवस्थेतून जावंच लागतं, आणि उंचावर ही अवस्था काही आठवडे चालते.

वरून झिरपणारं पाणी सरळ खाली जात नाही. काचेसारखा पापुद्रा लागला की त्यावर आडवं पसरतं. बारीक कणांच्या थराखाली जाड रवाळ थर आला की तिथंही अडतं, कारण बारीक कण पाणी धरून ठेवतात. असं अडलेलं पाणी दोन भाकरींमध्ये तेल लावल्यासारखं काम करतं. म्हणूनच एखाद्या थरापर्यंत पाणी पहिल्यांदा पोहोचतं तो दिवस सर्वांत वाईट. पुढं महिनाभर रोज वितळणं-गोठणं झालं की पाण्याला वाटा पडतात, कण गोल आणि मोठे होतात, आणि तोच उतार पहाटेच्या वेळी चांगला टणक लागतो.

बर्फाचा रंगही यात हातभार लावतो. ताजा बर्फ आपल्यावर पडलेल्या उन्हापैकी 80 ते 90 टक्के परत फेकतो, म्हणून तर बर्फात काळा चष्मा लागतो. बर्फ जुना, ओला आणि मळका झाला की हा आकडा निम्म्यावर येऊ शकतो. वाळवंटातली धूळ उडत येऊन हिमालयावर बसते, त्या वर्षी बर्फ आणखी ऊन पितो. आणि मार्च-एप्रिलमध्ये पश्चिमेकडून येणारी हवा एका रात्रीत दोन-तीन फूट ताजा बर्फ टाकून गेली, दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, तर त्या दिवशी उताराखाली जाऊच नये. नव्या थराची पकड बसलेली नसते आणि ऊन लगेच कामाला लागतं.

दिवसाचं झालं. रात्रीचं समजायला आपल्याला लांब जायला नको, महाबळेश्वर पुरे. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेकला दवबिंदू गोठल्याची बातमी आपण वाचतो. गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर. आणि त्याच बातमीत पारा शून्याच्या वर चांगला पाच-सहा अंश असतो. पुष्कळांना हे खोटं वाटतं. खोटं नाही. हवामानखात्याचा तापमापक जमिनीपासून चारेक फुटांवर, पेटीच्या सावलीत, हवा मोजतो. गाडीचा टप आणि पानं मात्र रात्रभर उघड्या आभाळाकडं आपली ऊब फेकत असतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा खूप थंड होतात. आभाळ निरभ्र असेल तरच. ढग आले की ते गोधडीसारखे वरून ऊब परत देतात, आणि त्या दिवशी वेण्णा लेकला काही गोठत नाही.

हिमालयातल्या बर्फाचं नशीब याच गोधडीवर ठरतं. रात्री आभाळ स्वच्छ, चांदण्या लखलखत असतील, तर दिवसा भिजलेला बर्फ वरून चार बोटं ते वीतभर गोठतो आणि सगळ्या सैल चवडीला टोपणासारखा आवळून धरतो. हवा शून्याच्या थोडी वर असली तरी गोठतो. रात्री ढग असतील तर टोपण बसतच नाही. म्हणजे सकाळी तंबूतून डोकं बाहेर काढल्यावर "आज थंडी कमी आहे, बरं झालं" असं ज्या दिवशी वाटतं, तो दिवस उतार ओलांडायचा नाही.

यावरून घड्याळ आलं. खिंड ओलांडायच्या दिवशी वाटाडे रात्री दोन-तीनला उठवतात, तेव्हा आपली पोरं कुरकुरतात. वाटाड्या हौसेनं उठवत नाही. टोपण घट्ट आहे तोवर त्याला उतारावरून सगळ्यांना पलीकडं न्यायचं असतं. पूर्वेकडं तोंड असलेल्या उतारावर सूर्य आधी येतो. तिथं नऊ-दहालाच बर्फ मऊ होऊ लागतो. मग दक्षिणेचा उतार, मग दुपारनंतर पश्चिमेचा. उत्तरेचे उतार सावलीत असतात, ते हंगामात उशिरा जागे होतात आणि मग एकदम दगा देतात. बाराच्या आत उताराखालून निघून सुरक्षित जागी पोहोचणं हा वसंतातला पहिला नियम मी मानतो. ज्या म्होरक्याला निघायला उशीर झाला तरी "होईल काहीतरी" वाटतं, त्याच्याबरोबर मी आपल्या पोराला पाठवणार नाही.

उतार किती तीव्र असला की बर्फ सुटतो? बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुरू होतात. हा आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून घरातला जिना पाहा. सात इंच उंच आणि दहा इंच रुंद पायऱ्यांचा जिना बरोबर 35 अंशांचा असतो. लिंगाण्यासारखा कडा त्याला लागत नाही. आपण रोज चढतो तेवढा उतार पुरतो. त्याहून खूप तीव्र कड्यावर बर्फ साचून राहतच नाही, थोडा थोडा गळत राहतो. आणि तुम्ही स्वतः सपाटीवर असलात तरी वरचा उतार जिन्याएवढा असेल, तर तो तुमच्याकडे येऊ शकतो. वाटेवरून जाणाऱ्या यात्रेकरूंच्या हे लक्षातच येत नाही.

ओला बर्फ सुटतो त्याच्याही तऱ्हा आहेत. सगळ्यात सामान्य म्हणजे एका ठिपक्यापासून सुटून खाली पंख्यासारखा पसरत जाणारा. उन्हानं तापलेल्या काळ्या खडकाजवळ तो बहुधा सुरू होतो. दुसरा, दोन भाकरींमधली पकड सुटून अख्खी लादी एकदम निघते तो. तिसरा मला सर्वांत कपटी वाटतो. लांब गवताचा उतार असेल, तर बर्फाच्या वजनानं गवत खालच्या दिशेला झोपतं आणि शाकारलेल्या छपरासारखं गुळगुळीत होतं. त्यावरून अख्खा थर, जमिनीपासून, रोज थोडा थोडा सरकतो. वर आडवी मोठी भेग पडते, माशाच्या उघड्या तोंडासारखी. ती भेग आठ दिवस नुसती राहील, नाहीतर आज रात्री सुटेल. इथं घड्याळ चालत नाही. अशा भेगेच्या खाली थांबूच नये, पहाटेसुद्धा.

वेगाचा एक गैरसमज आहे. थंडीतलं भुकटीचं हिमस्खलन ताशी 200 किलोमीटरच्या पुढं जाऊ शकतं. ओलं त्या मानानं सावकाश येतं, बरेचदा ताशी तीस-चाळीस किलोमीटरनं. यष्टी घाटात येते तसं. म्हणून माणसाला वाटतं, पळून निघू. गुडघाभर मऊ बर्फात कुणीही तेवढं पळत नाही. शिवाय ते वजनदार असतं. ताजा हलका बर्फ घनमीटरला 100 किलोच्या आसपास भरतो. ओलं हिमस्खलन थांबल्यावर तो आकडा 500 किंवा त्याहून वर जातो. अंगावर मीटरभर थर आला तर किती वजन झालं, तुम्हीच काढा. आणि थांबताक्षणी ते आवळतं, सिमेंट बसावं तसं. हात बाहेर असेल तर हलतो, आत असेल तर बोटही हलत नाही. गाडल्या गेलेल्या माणसाकडं पहिली दहा-पंधरा मिनिटं असतात. त्यानंतर माणूस गुदमरतो आणि वाचण्याची शक्यता झपाट्यानं घसरते. एवढ्या वेळात बाहेरून मदत येत नाही. जे शेजारी उभे आहेत तेच काढू शकतात, आणि त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारं-घेणारं छोटं यंत्र, टोचून पाहायची लांब काठी आणि फावडं लागतं. बर्फातल्या ट्रेकला पैसे भरण्याआधी संस्थेला या तीन वस्तूंबद्दल विचारा. सामान कुणाकुणाकडं असणार आणि ते वापरायला शिकवणार का, हेही विचारा. जेवणात काय आहे, हा प्रश्न नंतर.

4 एप्रिल 2023 ला सिक्कीममध्ये, गंगटोकहून नाथुलाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, दुपारच्या सुमाराला हिमस्खलन आलं आणि 7 पर्यटक गेले. ते गिर्यारोहक नव्हते. गाडीतून उतरून बर्फात फोटो काढायला गेलेली माणसं होती, तुमच्या-माझ्या घरातल्यासारखी. दुसरीकडं, 28 फेब्रुवारी 2025 ला बद्रीनाथच्या पुढं माणा इथं रस्तेबांधणीच्या मजुरांच्या तळावर बर्फ आला. 54 जणांपैकी 46 वाचले, 8 गेले. मजूर ज्या लोखंडी कंटेनरमध्ये राहत होते, त्यांनी बऱ्याच जणांना जगवलं. तो सलग पडलेल्या ताज्या बर्फाचा प्रकार होता. एक एप्रिलमधला, एक फेब्रुवारीतला; दोन्ही ठिकाणी माणसं वाटेवर किंवा वस्तीत होती, शिखरावर नव्हे.

केदारनाथच्या वाटेवर गौरीकुंडाच्या वर काही घळी आडव्या येतात. गढवालीत त्यांना गदेरा म्हणतात. भैरव गदेरा, कुबेर गदेरा ही नावं यात्रेकरूंनी ऐकलेली असतील. आपल्या ट्रेकरांच्या भाषेत ती नाळच. नाळेत वरून दगड येतो म्हणून आपण तिथं रेंगाळत नाही, एकेक जण भराभर पार होतो. बर्फातही तेच, फक्त वरून येतो तो दगड नसतो. दोन्ही बाजूंना कापलेल्या बर्फाच्या भिंती पाहून सेल्फीसाठी जिथं गर्दी होते, ती जागा पुष्कळदा जुन्या हिमस्खलनाचाच ढीग असते. एकदा आला तिथूनच तो परत येणार.

डोळे उघडे ठेवले तर डोंगर आधी सांगतो. उतारावरून आपोआप बर्फाचे गोळे गडगडायला लागले, पुरणपोळीची गुंडाळी व्हावी तशी चकरी होत खाली यायला लागले, की वरचा थर सैल झाला. सकाळी पाय करकर वाजत होते, आता घोट्यापर्यंत जातात, मग गुडघ्यापर्यंत. इथं मागं फिरायचं. खडकांवरून पाणी गळण्याचा आवाज वाढला. पायाखाली 'हुंफ्' असा दबका आवाज येऊन बर्फ एकदम खचला. शेजारच्या, तशाच तोंडाच्या उतारावर आज काही सुटलेलं दिसलं. यातलं एकही दिसलं, तरी पैसे भरलेत, सुट्टी संपतेय, ही कारणं बाजूला ठेवायची.

आपल्याकडं याचा अंदाज देणारी सोय आहे. मनालीला 1969 साली बर्फ आणि हिमस्खलनांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उभी राहिली, तिचं नाव सासे. 2020 मध्ये ती डीआरडीओच्याच, म्हणजे सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्याच, चंदीगडच्या डीजीआरई या शाखेत सामील झाली. तिथून लाहौल-स्पिती, चंबा, चमोली, उत्तरकाशी, कुपवाडा अशा जिल्ह्यांसाठी रंगांच्या भाषेत इशारे निघतात, बरेचदा अमुक उंचीच्या वर असं सांगून. निघण्याआधी रोज ते पाहावेत. मात्र वसंतात सकाळचा इशारा दुपारी तसाच राहील असं धरू नये. आल्प्सच्या देशांत काही दिवस सकाळचा आणि दुपारचा असे दोन वेगळे नकाशे काढतात, ते याचसाठी.

हिमालयात हे बदलतंही आहे. हिमस्खलनानं झाडाला जखम झाली की खोडाच्या वलयात तिची खूण राहते, आणि वलय मोजलं की साल कळतं. हिमाचलातली अशी झाडं तपासून 2018 मध्ये संशोधकांनी मांडलं की गेल्या काही दशकांतल्या तापमानवाढीबरोबर तिथल्या उतारांवर हिमस्खलनं वाढली आहेत. हिवाळ्याच्या शेवटी हवा लवकर तापते, बर्फ लवकर ओला होतो. ज्या तारखांना जुने वाटाडे 'अजून पक्का असतो' म्हणत, त्या तारखांवर आता डोळे झाकून विसंबता येणार नाही.

हे सगळं मी दोन-तीन बैठकांत काकूंना सांगितलं. चिक्कीचं आणि वेण्णा लेकचं त्यांना लगेच पटलं. आधी त्या घाबरल्या. मग मी सांगितलं की फौजेला हे पाठ असतं; बर्फ घट्ट असतो म्हणूनच अशा उतारांवरची ये-जा शक्यतो रात्री, नाहीतर भल्या पहाटे ठेवतात. परवा त्यांच्याकडं बसलो असताना पोराचा फोन आला. जेवलास का, झालं. थंडी कशी आहे, झालं. मग काकूंनी विचारलं, "काल रात्री चांदण्या दिसत व्हत्या का रं?"

पलीकडून तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "व्हत्या आई. लई व्हत्या."